काळी एकचा गांधार

अण्णा, परवा दुपारी तुमचा ऑर्गन आपोआप वाजला.

मी नुसते पाय मारत होते. दोन्ही हात मांडीवर होते, खोटं नाही सांगत. आणि आतून एक स्वर निघाला. बारीक, लांब, थांबायचं नावच घेईना. तुमच्या घरात मी एकटी होते, काकी दळण घेऊन गिरणीत गेल्या होत्या. तुम्हाला जाऊन सहा दिवस झाले होते. स्टुलावरून उठले ती मी थेट अंगणात, अनवाणी, आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून तोंडाला येईल ते स्तोत्र पुटपुटत उभी राहिले. एका जैनाच्या अंगणात, भर दुपारी, हायस्कुलात बीजगणित शिकवणारी बाई. भात्यातला दम संपेपर्यंत तो स्वर घरातून माझ्यामागे येत राहिला, मग विरला. शेजारची म्हैस माझ्याकडे वळून बघत होती.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "अगं गणितबाई, पेटी हाय ती. चावत न्हाई."

बारा वर्षांत हे वाक्य मी तुमच्याकडून किती वेळा ऐकलं असेल, मोजलं नाही. मला भीती कशाची वाटत नाही? रंगमंचाची वाटते, हायवेवर ट्रकमागून स्कूटर काढायची वाटते, कृष्णेचं पाणी चढायला लागलं की जेवण जात नाही. तुमच्या ऑर्गनची तर पहिल्या दिवसापासून वाटत आली. पण परवाची भीती वेगळी होती. मला वाटलं, तुम्हाला कळलं.

भुताटकी नव्हती. एका पट्टीखालची झडप नीट बसली नव्हती, फटीत कचऱ्याचा कण अडकला होता, म्हणून पट्टी न दाबताच वारा आत शिरून रीड बोलत होतं. तुम्ही फुंकर मारून अर्ध्या मिनिटात काढला असतात. पण ती झडप जागची हलली कशी, आत कचरा गेला कसा, हे तुम्हाला सांगायचंय. त्यासाठीच लिहायला बसले आहे. तोंडानं सांगायची वेळ होती तेव्हा माझी जीभ उचलली नाही.

आणि उद्या सकाळी टेम्पो येणार आहे. तुमच्या आठवणीसाठी आपल्या मंडळानं साताऱ्यात नाटक लावलंय, माझ्या माहेरगावी. हॉलमध्ये पहिल्या दोन रांगांत तुमचा ऑर्गन वर्षानुवर्षं ऐकलेली माणसं बसतील. पडदा उघडून नांदी सुरू होईल, मंडळातला ओंकार गाईल आणि ऑर्गनवर तुमच्या जागी मी असेन.

सांगलीला बदली होऊन मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तो दिवस तुम्हाला आठवत असणार, कारण तुम्ही तो सगळ्यांना सांगत सुटायचात. मी हार्मोनियमच्या परीक्षा दिलेली, प्रमाणपत्रांची फाइल काखेत धरून आलेली. तुम्ही फाइल काकींकडे दिलीत. काकींनी ती दळणाच्या डब्यावर ठेवली आणि ती तिथं तीन महिने राहिली.

"पेटी येती न्हवं? मग हात शिकवायची गरज न्हाई," तुम्ही म्हणालात. "पैलं पाय शिक."

पंधरा दिवस मला एक पट्टीही दाबू दिली नाहीत. दोन पायटे, डावा खाली उजवा वर, उजवा खाली डावा वर, आणि ऑर्गनच्या झाकणावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. पाणी हललं की पाय चुकला. मी घाबरट, भिऊन पाय मारणाऱ्याचा पाय हिसका देतो आणि पाणी सांडतं. माझी साडी भिजायची, काकी न बोलता फडकं आणून द्यायच्या. सोळाव्या दिवशी पाणी स्थिर राहिलं तेव्हा तुम्ही आत हाक मारलीत, "आगं बघ की, तांब्या झोपला!"

लोक विचारायचे, पेटी असताना हे धूड कशाला? आता तर कीबोर्डवाले विचारतात. परवाच एकानं मला ऐकवलं, "मॅडम, आमच्यात ऑर्गनचा आवाज आहे, एक बटण दाबायचं. खांद्याला अडकवून साताऱ्याला न्या." त्याचं बटण मी दाबून पाहिलं. आवाज होता, अगदी हुबेहूब. श्वास नव्हता. पेटीचा एक हात भात्यात अडकलेला असतो. ऑर्गनचे दोन्ही हात मोकळे. पायांनी वारा धरायचा, गुडघ्यानं फळी दाबून आवाज फुलवायचा, डाव्या हातानं खालचा खर्ज धरायचा आणि उजव्यानं गाणाऱ्याच्या मागे सावकाश चालायचं. पेटी गाणाऱ्याच्या शेजारी बसते, ऑर्गन त्याच्या पायाखाली जमीन घालतो. हे मी लिहितेय, तुम्ही असलं काही बोलत नसायचात. तुम्ही म्हणायचात, "पेटी बोलती. ह्यो दम धरतो."

परदेशात कुठल्या तरी प्रार्थनेच्या खोलीसाठी केलेलं ते वाद्य, आणि वाजवलं काय तर आपली नाटकाची पदं. तुमची नाटक कंपनी बंद पडली तेव्हा ज्यानं त्यानं काही ना काही उचललं, कुणी पडदे, कुणी मुकुट, कुणी तलवारी. तुम्ही ऑर्गन उचललात आणि ऊस वाहायच्या बैलगाडीतून इस्लामपूरमार्गे गावी आणलात. तुमचे वडील म्हणाले होते म्हणे, "ह्येला वैरण काय घालायची?" महापुराच्या वर्षी बोटवाले दारात ओरडत असताना तुम्ही तो माळ्यावर चढवल्याशिवाय घर सोडायला तयार नव्हतात. मी फोनवर रडत होते, आधी तुम्ही निघा म्हणून. तुम्ही म्हणालात, "मला पोहता येतं. त्येला येत न्हाई."

आणि त्या ऑर्गनमध्ये तुम्ही काय काय साठवलं होतंत! नांदीच्या किती चाली. पदाआधी दोन ओळींचे तुकडे, गाणाऱ्याला त्याचा षड्ज कानात घालून देणारे. राजाचा प्रवेश वेगळा, विदूषकाचा वेगळा. कुणाची मिशी सुटली, कुणी प्रवेश विसरला, की वेळ मारून न्यायला एक गमतीची गत, तिला तुम्ही 'खोळंबा' म्हणत होतात. शिवाय पंचकल्याणिक पूजेची गाणी. त्यासाठी चार माणसं खांद्यावर घालून ऑर्गन बस्तीत देवापुढे न्यायची आणि तुम्ही मागून त्याला धक्का लागतोय का बघत चालायचात. सगळं तोंडपाठ. लिहू दिलं नाहीत. "कागदावर आलं की कान आळशी हुतो." मी चोरून वहीत लिहिलंय, अण्णा, शाळेच्या तपासणीच्या वह्यांखाली लपवून. आता कबूल करायलाच बसले आहे तर हेही करते.

जे लिहिता येत नव्हतं ते मात्र राहिलं.

आपलं एक भांडण तर अर्धवटच राहिलंय. गाणारा तार गांधारावर चढला की तुम्ही ऑर्गनवरून हात उचलायचात. पाय चालू, हात वर. सगळी साथ एकदम बंद. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं तुम्हाला झटका आला. मी मध्यंतरात तुम्हाला धरलं होतं. तुम्ही संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून घेतलेलं, रात्री पाणीही घेत नव्हतात, मला वाटलं चक्कर आली असेल.

"चक्कर न्हाई गं. तिथं पेटीनं गप बसायचं."

"पण तिथंच तर त्याला आधार लागतो! एवढ्या वर चढलेल्या माणसाच्या खालची शिडी काढून घ्यायची?"

"शिडी चढस्तोवर. वर गेल्यावर शिडी कुणी बघत न्हाई. तिथं त्येचा त्येला राहू द्यावा."

हे मला कधी पटलं नाही. मला घाबरणाऱ्या माणसाच्या बाजूनंच विचार करता येतो. मी वाजवायला बसले की तार गांधारावर हात तसाच ठेवायची, उलट जास्त दाबायची. तुम्ही विंगेतून बघायचात, नाटक संपल्यावर म्हणायचात, "भिऊन वाजवलंस." मी म्हणायची, "गाणारा भीत असेल तर?" बारा वर्षं आपण ह्याच्यावर अडून होतो. कधी तरी नीट बसून बोलू, असं दोघंही म्हणायचो.

आता जे सांगायचं ते सांगते.

तुमचा ऑर्गन काळी एकमध्ये लावलेला होता, आणि त्यातला गांधार जरा उतरलेला होता. धैवतही. पांढरी चार दाबली की मला कायम वाटायचं, हा स्वर दमलाय. इतर पट्ट्यांत गाणारे कुरकुर करायचे. मी तुम्हाला कितीदा म्हटलं, "अण्णा, जुनं झालंय, सूर उतरलेत, लावून घेऊ." तुम्ही हसायचात. "उतरला न्हाई, उतरवलाय. दत्तोबाच्या गळ्यातला गांधार हाय त्यो." दत्तोबा म्हणजे तुमच्या कंपनीचे नायक, तुमचे जिवलग, मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं, शेला आणि भरघोस मिशा. मला वाटायचं, म्हातारा माणूस मित्राची आठवण काढतोय. तुमच्या कानात यंत्र आलं तेव्हापासून तर मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं होतं की तुम्हाला आता बारीक फरक ऐकू येत नाही. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

तुम्ही छातीत कफ होऊन दवाखान्यात गेलात. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, घरी सोडू. मला इतका आनंद झाला की काहीतरी मोठं करावंसं वाटलं. मिरजेहून एक जाणते कारागीर बोलावले. त्यांचा काही दोष नाही, हे आधीच लिहिते. त्यांनी रीड बाहेर काढून उजेडात धरलं आणि विचारलं, "बाई, हे मुद्दाम घासून उतरवलेलं दिसतंय. नेमाण्णांना विचारलंय का?"

मी मोबाइल पुढे केला. त्यात सूर मोजायचं ॲप होतं. काटा मधल्या हिरव्या रेघेच्या डावीकडे पडत होता. "हे बघा," मी म्हटलं, "आकडाच सांगतोय. करा तुम्ही. त्यांना मी सांगते." गणितबाईंना आकड्यापुढे काही सुचत नाही. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, मग मान हलवून कानस हातात घेतली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक स्वरावर काटा हिरव्या रेघेत येत होता. काकी पूजेला गेल्या होत्या. मी नांदीची सुरुवात वाजवून मोबाइलवर भरून घेतली आणि पेढे घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या खाटेशी बसून ती वाजवली. तुम्ही यंत्र कानात नीट बसवून घेतलंत, डोळे मिटलेत. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, आता खुलेल, आता खुलेल. गांधार आला आणि तुमच्या कपाळावर एक आठी पडली. दात दुखणाऱ्यानं गार पाणी प्यायल्यावर पडते तेवढीच.

"कुणाची पेटी हाय गं ही?" तुम्ही डोळे न उघडता विचारलंत.

मला त्या क्षणी सगळं कळलं. उतरला न्हाई, उतरवलाय. आणि मी म्हणाले, "मोबाइलवर सापडली, अण्णा. कुणीतरी पुण्याचं वाजवलंय."

"चांगली हाय," तुम्ही म्हणालात. आणि मग, "घरची न्हाई पर."

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. चेन लागेना. तुम्ही डोळे उघडून खिडकीकडे बघत होतात. "पाय बाकी चांगला मारतोय," तुम्ही म्हणालात, "जो कोण हाय त्यो."

तिसऱ्या दिवशी पहाटे काकींचा फोन आला.

तेव्हापासून मला झोप नाही, हे सांगून तुम्हाला लाजवत नाही. पण भीती कसली होती तेवढं ऐका. तुम्ही गेलात हे दुःख होतंच. त्याच्या वरताण ही भीती की तुम्ही माझ्या खोट्यावर विसंबून गेलात. घरी आपला ऑर्गन जसाच्या तसा आहे असं समजून गेलात. तुमचे हात, पाय, कान गेले, आणि जे एक उरलं असतं ते मी पेढे वाटून पुसून टाकलं. पत्रावळ्या, मंडप, भेटायला येणारी माणसं, सगळ्यांत मी ह्या धास्तीनं वावरत होते की कुणीतरी सहज ऑर्गनची एक पट्टी दाबेल आणि म्हणेल, अरे, हे काय.

परवाच्या त्या आपोआप स्वरानंतर मी कारागिरांना फोन केला. म्हटलं, पुन्हा होतं तसं करा. ते म्हणाले, "बाई, चढवायला टोकाशी घासलंय. आता उतरवायचं तर मुळाशी घासावं लागणार. पत्रा आधीच कागद झालाय. मोडला तर तसलं रीड कुठं मिळणार? आणि उतरवू किती? माप सांगा." माप माझ्याकडे नव्हतं. माझ्या ॲपमध्ये दत्तोबांचा गांधार नव्हता. जुन्या नाटकांचं मोबाइलवर घेतलेलं सगळं मी पुन्हा ऐकलं, पण त्यात तबला, टाळ्या आणि खोकणारे प्रेक्षक. "मी हात लावणार न्हाई," ते म्हणाले. "पाप लागल."

काकी गिरणीतून आल्या तेव्हा मी जमिनीवर बसले होते आणि माझ्यासमोर ऑर्गन उघडा होता. त्यांनी पिठाचा डबा ठेवला. मी सगळं सांगितलं. कारागीर, काटा, कानस. दवाखान्यातलं मात्र गिळलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "वाजीव बघू."

मी वाजवलं.

"ह्यो न्हाई," त्या म्हणाल्या.

"काकी, तुम्हाला कसं कळतं? तुम्ही तर म्हणता मला सूरबीर कळत नाही."

"न्हाईच कळत. पर ह्यो न्हाई." मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "हितं हुबं राहून मला काय समजंना. मला माज्या जागी जाऊ दे."

आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. चुलीपुढच्या पाटावर बसल्या. गॅस येऊन इतकी वर्षं झाली तरी भाकरी तिथंच, तुम्हाला माहीतच आहे. परातीत पीठ घेतलं. भिंतीपलीकडून म्हणाल्या, "हां. आता वाजीव."

अण्णा, दोन दिवस आम्ही हे केलं. मी तारेच्या आकड्यानं रीड बाहेर ओढायची, खाली पातळ पत्री सरकवून मुळाशी एकदा, फक्त एकदा कानस फिरवायची, तुम्हाला करताना पाहिलं होतं तशी, पुन्हा बसवायची आणि वाजवायची. आतून भाकरी थापण्याचा आवाज. थापणं थांबलं नाही तर चुकलं. "अजून. अजून खाली." पुन्हा बाहेर. हात घसरू नये म्हणून मनगट गुडघ्यांत धरून घासत होते. कधी तरी एका वेळी आतलं थापणं थांबलं. बराच वेळ काही नाही. मी उठून बघायला गेले तर काकी पीठभरल्या हातांनी तशाच बसल्या होत्या आणि तव्यावरची भाकरी करपत होती. "आला," त्या म्हणाल्या.

तो मधला गांधार होता. मीही ऐकला. बारा वर्षं मी ज्याला दमलेला म्हणत होते तो स्वर आठ दिवस वनवासात जाऊन आल्यावर मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. दमलेला नव्हता, विसावलेला होता. तुमचं बरोबर होतं. घ्या, लेखी दिलं.

खालचा गांधार आला. तिन्ही धैवत आले. राहिला तार सप्तकातला गांधार, सगळ्यांत छोटं रीड, माझ्या करंगळीच्या नखाएवढी त्याची जीभ. काल दुपारी तीन वेळा घासून झाला होता. आतून काकी म्हणाल्या, "जरासाच ऱ्हायलाय." मी चौथ्यांदा कानस टेकवली आणि मला हातालाच कळलं. मुळाशी केसाएवढी चीर गेली होती. बसवून पट्टी दाबली तर कुजबुज आली, स्वर आला नाही.

मी तिथंच डोकं टेकून रडायला लागले. काकी बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या. आणि मग माझ्या तोंडून ते गिळलेलं बाहेर पडलं. "काकी, मी अण्णांना खोटं सांगितलं. शेवटचं बोलणं आणि ते खोटं. त्यांना कळलंच नाही ऑर्गनचं काय झालं."

काकींनी पीठ लागलेले हात पदराला पुसले.

"त्येंला म्हाईत हुतं की," त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं.

"तू गेलीस आन् मला जवळ बोलावलं. म्हणले, पोरीनं पेटी घासून घेतलीया. मी म्हणलं, व्हय? लावू का फोन? विचारू का तिला? तर म्हणले, नगं. लय भित्री हाय ती. आता बोललो तर परत पेटीला हात लावायची न्हाई. मग म्हणले, तुज्या कानात हाय न्हवं त्यो गांधार? मी म्हणलं, पन्नास वर्सं तुमच्या संसारात दुसरं काय आईकलंय मी. म्हणले, मग झालं. तिनं विचारलं तर सांग. न्हाई विचारलं तर ऱ्हाऊ दे."

जो कोण हाय त्यो. अण्णा, तुम्हाला माझा पाय कळला होता. तो हिसका न देणारा पाय तुम्हीच पंधरा दिवस घासून बसवलेला, तो तुम्हाला कळणार नाही तर कुणाला? तुम्ही माझं खोटं जागच्या जागी ओळखलंत, त्यावर शब्द बोलला नाहीत, आणि माझी पाठ थोपटून मला जाऊ दिलंत. माझा मूर्खपणा अगदी टोकाला पोचला तिथं तुम्ही हात उचललात. आणि मी मात्र घरी येऊन आठ दिवस तुमची भीती बाळगली.

मला तुमचा रागही येतो. एकदा ओरडायचं होतंत. मी रडले असते, आणि मग तुमच्या तोंडून ऐकलं असतं की जाऊ दे. तेवढं मला हवं होतं आणि ते आता मिळणार नाही. काकींच्या तोंडून मिळालं, ते तुमचं म्हणूनच घेतेय.

मंडळात फोन करून ओंकारला सांगितलं की वरचा गांधार वाजणार नाही. तो घाबरला. नांदीत त्याला तिथंच ठहराव आहे, लांब. "ताई, मग तिथं मी काय धरू?" तीच माझी बाजू, माझेच शब्द. मी त्याला तुमचं उत्तर दिलं. सांगताना मला ते पटलेलं होतं असं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही, अण्णा, आपलं भांडण मिटलं असं समजू नका. मी कीबोर्डवाल्याचं बटण लावू शकते, शेजारची पट्टी दाबून वेळ मारून नेऊ शकते. लावणार नाही. उद्या त्या जागी मी हात उचलणार आहे.

फक्त पाय चालू ठेवायचे आहेत. हात वर असताना पाय थांबले तर भाता बसतो आणि गाणारा खाली आला की त्याला घ्यायला वारा उरत नाही. तेवढा वेळ हॉलमध्ये ओंकारचा एकट्याचा आवाज असेल आणि खाली पायट्यांची हलकी घरघर. मी भीत असेन. पहिल्या रांगेतल्यांना माझे हात हवेत अडकलेले दिसतीलही.

आता काकी आतून तांब्या घासून घेऊन आल्यात आणि ऑर्गनशेजारी ठेवलाय, टेम्पोत चढवायच्या सामानात. "ह्यो पण ने," म्हणाल्या. "भरून वर ठेव."

"नाटकात, काकी? सगळ्यांसमोर?"

"मग? मी पैल्या रांगेत बसणार हाय. मला बघायचंय पाणी हलतंय का."